मानेची पट्टी

त्या वर्षी माझ्या हातून वस्तू पडायला लागल्या. आधी चहाचा कप, मग लॅबमधल्या काचेच्या नळ्या, आणि एका रविवारी आमटीचं भरलेलं पातेलं. मी मेलबर्नमध्ये एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करत होते. शिकायला म्हणून इथे आले, शिक्षण संपल्यावर हेच काम मिळालं आणि त्यातच केस पांढरे झाले. दिवसभर मायक्रोस्कोपवर मान वाकवून बसायचं. मान दुखते हे मला माहीत होतं, पण मान कुणाची दुखत नाही? हात मात्र दुखत नव्हते. ते नुसते माझं ऐकत नव्हते. ब्लाउजचं हूक लागेना, पोळी गोल लाटली जाईना, सही करताना शेवटचं अक्षर भलतीकडेच जायचं.

नवऱ्याला वाटलं मी थकलेय. मलाही तसंच वाटत होतं. मग एकदा ग्लेन वेव्हर्लीच्या शॉपिंग सेंटरमध्ये सरकत्या जिन्यावरून उतरताना पाय कुठे टेकला ते मला कळलंच नाही. पडले नाही, ते मागच्या माणसाने दंड धरला म्हणून. त्याने हसून "नो वरीज" म्हटलं आणि तो निघून गेला. मी तिथल्या बाकावर बसून राहिले. घरी आल्यावर जीपीची, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरची, अपॉइंटमेंट घेतली.

पुढचं सगळं भराभर झालं. एमआरआय झाला, सर्जनकडे पाठवलं. त्याने पडद्यावर माझ्या मानेचं चित्र दाखवलं. मणक्यांच्या मधून जाणारी पांढरी दोरी एका जागी चिमटीत धरल्यासारखी बारीक झाली होती. तो हळू आणि स्पष्ट बोलणारा माणूस होता. म्हणाला, गेलेलं सगळं परत येईलच असं नाही, पण असंच ठेवलं तर उरलेलंही जाईल. ऑपरेशन गळ्याच्या पुढून करायचं. खराब चकती काढून तिथे छोटा ठोकळा बसवायचा, आणि मणके जागचे हलू नयेत म्हणून त्यांच्यावर टायटॅनियमची पट्टी स्क्रूने बसवायची. त्याने ड्रॉवरमधून नमुन्याची पट्टी काढून माझ्या तळहातावर ठेवली. केसांच्या क्लिपएवढी होती, करड्या रंगाची, गुळगुळीत, तिला भोकं होती. इतकी हलकी की हातात आहे हेही कळू नये. अर्थात माझ्या हातांना तेव्हा बरंच काही कळत नव्हतं.

घरी येताना नवरा गाडी चालवत होता. त्याला भीती वाटली की तो इंटरनेट वाचत बसतो. त्या संध्याकाळी तो वाचतच होता आणि अधूनमधून मान वर करून माझ्याकडे बघत होता, तेवढ्यावरून काय वाचतोय ते मला कळत होतं. मुलगी युनिव्हर्सिटीतून आली. तिला सगळं सांगितलं. तिने बॅग ठेवली, पाणी प्यायली, आणि सरळ तिच्या खोलीत जाऊन गिटार घेऊन आली. मला वाटलं आता ही वाजवणार, आणि मला राग आला. पण तिने गिटार डायनिंग टेबलावर पालथी ठेवली.

"आई, हे बघ. धिस इज द नेकप्लेट."

गिटारच्या पाठीवर, जिथे लांब दांडी, म्हणजे गिटारची मान, मुख्य लाकडाला जोडलेली असते तिथे एक चौकोनी चकचकीत पट्टी होती. चार कोपऱ्यांत चार स्क्रू. ही गिटार तिने कुणाकडून तरी जुनी घेतली होती आणि घेतल्यावर महिनाभर सुटी करून ठेवली होती, ते मला आठवत होतं. टेबलावर पसारा म्हणून मी ओरडलेही होते. तिने समजावून सांगितलं की तारा दांडीला सतत ओढत असतात, कुणी वाजवत नसलं तरी. ती ओढ ही पट्टी आणि हे स्क्रू झेलतात. लाकडावर स्क्रूचं डोकं थेट दाबलं तर लाकूड चिरडतं, म्हणून मधे पट्टी.

"आणि मान हलायला लागली तर?" मी विचारलं.

"देन यू टाइटन इट. पण आधी दुखतं तिथे लक्ष द्यायला लागतं." दुसरं वाक्य ती मराठीत बोलली. एरवी ती मला इंग्रजीतच उत्तर देते.

नेकप्लेट हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. सर्जनने नुसतंच प्लेट म्हटलं होतं. त्यानंतर आमच्या घरात माझ्या ऑपरेशनला कुणी ऑपरेशन म्हटलं नाही. नेकप्लेट कधी आहे, नेकप्लेटच्या आधी काय खायचं नाही, असंच बोलणं चालायचं. बोलायला सोपं जात होतं.

साताऱ्याला आईला फोन करून सांगितलं. तिने विचारलं की टाके पुढून दिसतील का. मी हो म्हटलं. ती म्हणाली, बरं. एवढंच. विमानात बसायची तिची प्रकृती राहिली नव्हती आणि ते आम्हा दोघींनाही माहीत होतं, म्हणून तो विषय कुणीच काढला नाही.

ऑपरेशन झालं. जाग आली तेव्हा गळ्यात कुणीतरी मूठ घालून बसलंय असं वाटत होतं. पाणी गिळता येईना आणि आवाज घोगरा झाला होता. तो कायमचा तसाच राहिलाय थोडा. गळ्याला कडक कॉलर होती, हनुवटी टेकवून ठेवणारी. काही दिवसांनी मला पुनर्वसनाच्या हॉस्पिटलात हलवलं. हातापायांना पुन्हा शिकवायचं होतं.

तिथे दोन खाटांच्या खोलीत मला जागा मिळाली. दुसऱ्या खाटेवर आधीपासून कुणीतरी होतं. तिलाही तशीच कॉलर. आम्ही दोघीही पाठीवर, आणि मान वळवता येत नसल्यामुळे आम्हाला एकमेकींचे चेहरे दिसत नव्हते. पहिली ओळख आवाजाची झाली. ती छताकडे बघून बोलायची, मीही छताकडे बघून उत्तर द्यायचे. नर्सेस तिला आंटी म्हणत. मला वाटलं माझ्यासारखीच कुणी भारतीय बाई असेल. आपल्याकडे कुणालाही आंटी म्हणतात तसं. पण तिचं इंग्रजी इथलंच होतं, सावकाश आणि खालच्या पट्टीतलं. दुसऱ्या दिवशी फिजिओने मला उभं केलं तेव्हा तिला पाहिलं. उंच, सावळी, पिकल्या केसांची ॲबोरिजिनल बाई. तिच्या लोकांत वडीलधाऱ्या बाईला मानाने आंटी म्हणतात, हे मला तेव्हा कळलं. मीही तिला आंटीच म्हणू लागले. तिचं नाव मी इथे लिहीत नाही, त्याचं कारण पुढे येईल.

ती निवृत्त नर्स होती. बाळंतपणाच्या वॉर्डात तिने आयुष्य काढलं होतं. अंगणातल्या कुंड्यांना पाणी घालताना पायरीवरून पडली आणि मानेचा मणका मोडला. तिच्याही मानेत पट्टी बसवली होती, पण मागच्या बाजूने. सकाळी आम्हाला एकाच टेबलाशी बसवायचे. लाकडी खुंट्या भोकांत घालायच्या, मोठी बटणं लावायची, मग लहान. तिचे हात माझ्यापेक्षा बरे होते. माझी खुंटी पडली की ती न बघता पायाने माझ्याकडे सरकवायची. खाली वाकता दोघींनाही येत नव्हतं.

एका दुपारी आईचा व्हिडिओ कॉल आला. मी फोन छातीवर टेकवून धरला होता, त्यामुळे आईला बहुतेक माझी हनुवटीच दिसत असणार. तिने कॅमेऱ्यासमोर काहीतरी धरलं. चिंचपेटी. तिच्या सासूची, म्हणजे माझ्या आजीची. सोन्याच्या चौकोनी पेट्या एकमेकींना जोडलेल्या, त्यावर मोती. गळ्याला अगदी चिकटून बसणारी. लहानपणी लग्नाकार्यात आईच्या गळ्यात मी ती बघितली होती. आई म्हणाली की कुणाबरोबर तरी ती पाठवून देते, बरोबर टाक्यांवर बसेल, चारचौघांत गेलीस तर कुणी विचारणार नाही.

मी म्हटलं, "आई, विचारलं तर विचारू दे."

"लोकांसाठी नाही म्हणत," आई म्हणाली. "तुझ्यासाठी म्हणतेय. गळ्याशी आपलं काहीतरी असावं."

कॉलरमुळे मला रडताही येत नव्हतं नीट. पाणी कानांत जात होतं. आईने ते पाहिलं असेल किंवा नसेल. तिने विषय बदलला, शेजारच्या घराचं काम काढलंय वगैरे सांगत राहिली.

फोन ठेवल्यावर आंटीने विचारलं की ते काय होतं. तिला दिसलं नव्हतं, पण आईचा आवाज ऐकून काहीतरी महत्त्वाचं असावं असं तिला वाटलं. मी वर्णन करून सांगितलं. गळ्याच्या पट्ट्या, सोन्याच्या, मानाच्या प्रसंगी घालायच्या. मानाच्या हा शब्द इंग्रजीत सांगताना मी अडखळले आणि मग तिला सांगितलं की आमच्या भाषेत नेकला मान म्हणतात आणि आदर, प्रतिष्ठा, त्यालाही मानच म्हणतात. एकच शब्द.

मला वाटलं तिला झोप लागली. बाहेर जेवणाच्या ट्रॉलीचा आवाज येत होता.

"माझ्या पणजोबांच्या गळ्यातही एक होती," ती म्हणाली. "पितळेची."

मग तिने सांगितलं ते मी तिच्याच क्रमाने लिहिते. तिचे लोक मरी नदीच्या पलीकडचे, न्यू साउथ वेल्सच्या बाजूचे. गोरे लोक मेंढ्या घेऊन तिथे आले आणि जमिनीला कुंपणं पडली. अशा मोठ्या मेंढीफार्मला इथे स्टेशन म्हणतात. स्टेशनच्या मालकांना कळेना की या लोकांतल्या कुणाशी बोलायचं, तेव्हा ते आपणच एखाद्याला राजा ठरवत. पितळेची चंद्रकोरीच्या आकाराची पट्टी बनवून घ्यायची, त्यावर किंग असं कोरायचं, साखळी लावायची आणि त्याच्या गळ्यात घालायची. गोऱ्या सैन्यातले अधिकारी पूर्वी गळ्याशी अशीच कोर बांधायचे, तिथूनच ती पद्धत आली. तिच्या पणजोबांना अशी पट्टी मिळाली. ज्याच्याकडे पट्टी आहे त्याला पीठ मिळे, घोंगड्या मिळत, आणि रस्त्यात कुणी बंदूक रोखली तर छातीवर बोट ठेवून दाखवता येई.

"आमच्यात राजा नसतोच," ती म्हणाली. "त्यांना तेही माहीत नव्हतं."

तिच्या आजीने त्यांना पट्टी घातलेलं पाहिलं होतं. फार्मवर जाताना ते ती घालायचे. परत आले की पहिल्यांदा ती काढायचे. आजी त्यांना एकदा म्हणाली होती की छान चमकते. त्यावर त्यांनी तिला फार्मवरचा मेंढ्या राखणारा कुत्रा दाखवला. त्याच्याही गळ्यात पट्टी होती, त्यावरही मालकाचं नाव.

हे सांगताना आंटीच्या आवाजात काही फरक पडला नाही. मी छताकडे बघत होते. नागरिकत्वाच्या समारंभात, शाळेच्या स्नेहसंमेलनात, लॅबच्या मीटिंगमध्ये सुरुवातीला कुणीतरी उठून या जमिनीच्या मूळ लोकांना वंदन करतं. मी ते कित्येकदा ऐकलं होतं, उभी राहून, नम्रपणे. त्या लोकांपैकी कुणाशी माझं बोलणं मात्र याआधी कधी झालं नव्हतं.

तिने पुढे सांगितलं की पणजोबा गेले तेव्हा ती पट्टी त्यांच्याबरोबर पुरली, असं आजी सांगायची. पण ती आता नदीकाठच्या एका गावातल्या छोट्या म्युझियममध्ये काचेखाली होती. आंटी तरुणपणी तिथे गेली असताना तिला ती दिसली. मी विचारलं, पुरली होती तर तिथे कशी आली?

"तू सांग," ती म्हणाली.

कुणीतरी कबर उकरली होती. दुसरं काही असूच शकत नव्हतं. मी ते शब्दांत म्हटलं आणि ती हो म्हणाली.

मी घरी आले ती कॉलर घालूनच. आईने चिंचपेटी पाठवली, साताऱ्याहून मेलबर्नच्या क्रेगीबर्न भागात येणाऱ्या एका ओळखीच्या बाईंबरोबर. कॉलर निघाल्यावर मी एकदा ती बांधून पाहिली. गळ्याला काहीही टेकलं की मला श्वास अडकल्यासारखं व्हायचं, कुर्त्याचा बंद गळासुद्धा सहन होत नव्हता. लगेच काढली. आईला सांगितलं तर ती म्हणाली, राहू दे, मुलीसाठी ठेव. मुलीने ती घालून, गिटार गळ्यात अडकवून आजीला फोटो पाठवला. आईने तो शेजारपाजाऱ्यांना दाखवला असं नंतर कळलं.

आंटीचे फोन यायचे. तीही घरी गेली होती. आम्ही एकमेकींना हातांची खबर द्यायचो. आज सुईत दोरा ओवला, आज बरणीचं झाकण उघडलं. पुढच्या शरद ऋतूत तिचा फोन आला की म्युझियम ती पट्टी परत द्यायला तयार झालंय. तिच्या भाच्याने बराच काळ बोलणी केली होती. म्युझियमची समिती नवी होती आणि त्यांनाही ती काचेखाली ठेवणं बरोबर वाटत नव्हतं. आता ती पुन्हा पुरायची. भाची गाडी घेऊन जाणार होती पण त्यात म्हाताऱ्या बहिणी आणि पोरंटोरं भरलेली. आंटीची मान वळत नव्हती, त्यामुळे तिला गाडी चालवायला परवानगी नव्हती.

मी तिला सांगितलं की आम्ही नेतो. मीही अजून गाडी चालवत नव्हते. मुलीला विचारलं तर तिने त्या दिवशीचा कॅफेतली शिफ्ट बदलून घेतली.

आम्ही पहाटे निघालो. आंटी पुढे बसली, उशी मानेमागे घेऊन. मुलगी तिला आंटी म्हणत होती आणि दोन्हीकडच्या रीतीने ते बरोबरच होतं. वाटेत दोघी गाण्यांबद्दल बोलल्या. आंटीचा भाऊ तरुणपणी कंट्री म्युझिकच्या बँडमध्ये होता. मुलीने त्याच्या गिटारबद्दल नको इतके प्रश्न विचारले. मी मागे बसून ऐकत होते. शेतं पिवळी पडली होती, मग नदीकाठचे मोठे गमवृक्ष, म्हणजे इथली निलगिरी, दिसायला लागले आणि आंटी बोलायची थांबली.

म्युझियम म्हणजे जुन्या पोस्ट ऑफिसची इमारत होती. आत लोकर कापायच्या कात्र्या, शिवणयंत्रं, शाळेची बाकं. आंटीच्या घरचे आधीच आले होते. म्युझियमतर्फे एक वयस्क गोऱ्या बाई होत्या, त्यांनी चांगले कपडे घातले होते. त्यांनी मऊ कापड घातलेला लाकडी खोका टेबलावर ठेवला. भाषण केलं नाही. एवढंच म्हणाल्या, "हे तुमचं आहे. आम्हाला उशीर झाला, त्याबद्दल माफी मागते." मग त्या बाजूला झाल्या.

पट्टी मी समजले होते त्यापेक्षा मोठी होती, पसरलेल्या पंजाएवढी. साखळी काळी पडली होती. दोन्ही टोकांना कांगारू आणि एमूची चित्रं कोरलेली. एक कडा वाकलेली होती, कुदळ लागल्यासारखी. भाचा म्हणाला की आंटीच्या गळ्यात घालून एक फोटो घेऊ या का, पोरांना नंतर बघता येईल. आंटी नाही म्हणाली. त्याने पुन्हा विचारलं नाही.

तिने ती दोन्ही हातांत उचलली आणि माझ्याकडे वळली. वळली म्हणजे अख्खी वळली, खांद्यांसकट, आम्ही दोघी तशाच वळतो.

"यावर काय लिहिलंय ते तू वाच," ती म्हणाली. "पोरांना ऐकायला हवं, एकदाच. पण ते आमच्यातल्या कुणाच्या तोंडून यायला नको."

मी नाही म्हणू शकले असते, पण मला तसं वाटलं नाही. मी पुढे झाले. किंग, मग एक नाव, लोक लाडाने कुत्र्याचं ठेवतात तसलं, मग स्टेशनचं नाव. तीनच गोष्टी. त्यांचं स्वतःचं नाव नव्हतं, त्यांच्या भूमीचं नव्हतं. माझा आवाज ऑपरेशनपासून फाटलेला होता. किंग म्हणताना तो गेलाच. खाकरून मी पुन्हा वाचलं. खोलीत लहान मुलं होती, तीसुद्धा हलली नाहीत. वाचून झाल्यावर आंटीने पट्टी कापडात गुंडाळली आणि भाच्याकडे दिली. एका बहिणीने पणजोबांचं खरं नाव उच्चारलं, त्यांच्या भाषेतलं. ते मी ऐकलं, पण ते लिहायचा मला हक्क नाही.

पुरायला फक्त घरची माणसं गेली. आम्ही नदीकाठी गाडीजवळ थांबलो. जागा कुठे आहे ते आम्हाला कुणी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. मुलगी पाण्याकडे बघत उभी होती. थोड्या वेळाने तिने विचारलं, "आई, आपलं घर कोणाच्या जमिनीवर आहे?" मी तिला तिथल्या मूळ लोकांचं नाव सांगितलं, ते मला समारंभांतून पाठ झालं होतं. ती म्हणाली, "नाव मलाही माहितीये."

ते परत आले तेव्हा आंटीच्या हातांना लाल माती लागली होती. तिने पाणी मागितलं. मी डिकीतली बाटली काढली आणि तिच्या हातांवर पाणी धरलं. साताऱ्याला कुणाला पोचवून परत आलेल्या माणसांच्या हातांवर आई दारातच पाणी घालायची, तशीच धार धरली गेली माझ्याकडून. बाटली माझ्या हातात थरथरत होती, तिने ती खालून बोटाने टेकवून धरली. हात धुऊन झाल्यावर तिने ओले तळवे मानेच्या मागे ठेवले, जिथे तिचे टाके होते, आणि डोळे मिटून उभी राहिली.

परतीच्या वाटेवर ती झोपली. मुलीने गाणी लावली नाहीत.

पुढच्या हिवाळ्यात आंटी गेली. मानेचं काही नव्हतं, हृदय थांबलं. भाचीचा फोन आला. तिने सांगितलं की त्यांच्याकडे गेलेल्या माणसाचं नाव काही काळ घेत नाहीत, म्हणून आम्हीही तिच्याबद्दल बोलताना तेवढं लक्षात ठेवावं. तो काळ किती ते मी विचारलं नाही. तेव्हापासून मी ते नाव ना उच्चारलं ना लिहिलं.

माझे हात बरेचसे परत आले. बारीक काम जमत नाही, म्हणून लॅबने मला रिपोर्ट तपासायच्या टेबलावर बसवलं, आणि मी त्याला सरावलेय. थंडीत गळ्याच्या आत काहीतरी गार असल्याचा भास होतो. सर्जन म्हणाला तसं काही नसतं. असेल.

अंत्यविधी त्याच नदीकाठच्या गावात होता. या वेळी नवरा गाडी चालवत होता. हॉल भरलेला होता, लोक बाहेर गवतावरही उभे होते. तिने जगात आणलेली कितीतरी मुलं मोठी होऊन आली होती. काही गोरे, काही काळे, एक चिनी डॉक्टर. गाणी झाली, त्यांच्या रीतीप्रमाणे पानांचा धूर झाला, मग सगळे हॉलमागे चहाला जमले. मी कोपऱ्यातल्या बाकावर बसले होते. तिची बहीण सँडविचचं ताट घेऊन माझ्यापाशी आली. आधी भेटलो होतो पण तिला मी आठवत नव्हते.

"तुझी तिची ओळख कुठली?" तिने विचारलं.

"हॉस्पिटलात शेजारच्या खाटेवर होते," मी म्हटलं.

ती म्हणाली, "म्हणजे तिचं घोरणं तूही सोसलंस."

मी हो म्हटलं. ती ताट खाली ठेवून माझ्याजवळ बसली, आणि आम्ही दोघी बराच वेळ तिच्याबद्दल बोलत राहिलो, नाव न घेता.